पोरांची परीक्षा आणि घरादाराचा हिशेब



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय बांधाबाहेरचा वाटेल, पण तो आपल्या बांधापर्यंत केव्हाच येऊन पोहोचला आहे. ऊस नोंदीला शेतावर गेलो की क्षेत्र मोजून झाल्यावर चहा घेताना हमखास प्रश्न येतो, "साहेब, आमचं थोरलं पुण्याला यूपीएस्सी करतंय. अजून किती दिवस लागतील?" कोणी विचारतो, "दिल्लीला धाडू का?" कोणी आवाज खाली करून विचारतो, "तिकडं कुणाची ओळख लागती का?" आणि मालक मोटर चालू करायला गेले की एखादी आई विचारते, "पोरगी हुशार हाय, पण ह्यांचं म्हणणं यंदा लगीन उरकायचं. काय करावं?"

आम्ही पडलो कृषी पदविकावाले. ही परीक्षा द्यायला पदवी लागते. तेव्हा अभ्यास कसा करावा हे मुलांना सांगण्याचा आमचा अधिकार नाही आणि ते सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्यांच्या उसाच्या बिलातून हा सारा खर्च चालतो, त्या आई-वडिलांना ही परीक्षा म्हणजे नेमके काय हे सांगणारे फार थोडे. म्हणून घरोघरी दोन टोकांच्या समजुती दिसतात. एक, पोरगं वर्षा-दोन वर्षांत लाल दिव्याच्या गाडीतनं गावात येणार. (तो लाल दिवा २०१७ सालीच बंद झाला.) दुसरी, हा सगळा वशिल्याचा बाजार आहे, गरिबाचं काम नव्हे. या दोन्ही समजुतींनी घरे अडचणीत येतात. म्हणून हा लेख पालक सभासदांसाठी आहे.

ही परीक्षा कशाची?

'कलेक्टरची परीक्षा' असे आपण म्हणतो, पण तशी परीक्षा नसते. तिचे नाव नागरी सेवा परीक्षा. ती संघ लोकसेवा आयोग घेतो. घटनेच्या ३१५ व्या कलमात या आयोगाची तरतूद आहे. या एकाच परीक्षेतून प्रशासकीय सेवा, पोलीस सेवा, परराष्ट्र सेवा, आयकर, लेखापरीक्षण, रेल्वे अशा कितीतरी सेवांची माणसे निवडली जातात. कोणती सेवा मिळणार हे गुणानुक्रम, पसंती आणि प्रवर्ग यांवर ठरते. आपण ज्याला कलेक्टर म्हणतो त्या प्रशासकीय सेवेच्या जागा अलीकडे वर्षाला १८० आहेत, आणि त्या साऱ्या देशात मिळून. पास होऊनही मुलगा कलेक्टर न होता आयकर खात्यात गेला, तर त्यात कमीपणा काही नाही. हे आधी माहीत असले म्हणजे पेढे वाटताना तोंड पडत नाही.

पूर्वी ही परीक्षा आपल्या घरातल्या पोरांसाठी नव्हतीच. इंग्रजी अमदानीत ती विलायतेत होत असे. १८६३ साली निवडले गेलेले सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले हिंदी अधिकारी. आपल्या रायगड जिल्ह्यातील चिंतामणराव देशमुख १९१८ साली या परीक्षेत पहिले आले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. पण त्यासाठी त्यांना लंडन गाठावे लागले. हिंदुस्थानात, अलाहाबादेस, परीक्षा होऊ लागली ती १९२२ पासून. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे इंग्रजी शाळेत शिकलेल्यांचाच तिच्यावर वरचष्मा होता. पुढे प्रा. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीने शिफारशी केल्या आणि १९७९ पासून पूर्व, मुख्य व मुलाखत अशी तीन टप्प्यांची पद्धत आली. मुख्य परीक्षेची उत्तरे आपल्या भाषेत लिहिण्याची मुभा याच बदलाने मिळाली. खेड्यातल्या मुलाला दार उघडले ते तेव्हापासून.

हंगाम किती महिन्यांचा?

२०२४ सालच्या परीक्षेचे वेळापत्रक पाहा. जाहिरात निघाली फेब्रुवारी २०२४ मध्ये. पूर्वपरीक्षा झाली १६ जूनला, मुख्य परीक्षा सप्टेंबरात. मुलाखती जानेवारी २०२५ पासून सुरू झाल्या आणि निकाल लागला २२ एप्रिल २०२५ रोजी. म्हणजे जाहिरातीपासून निकालापर्यंत चौदा महिने. आपला पूर्वहंगामी ऊस जेवढा काळ रानात उभा राहतो, तेवढाच हा काळ. त्याआधी वर्षभर तरी मशागत, म्हणजे मूळ अभ्यास, धरावा लागतो. तेव्हा पदवीनंतर लगेच तयारीला बसलेल्या मुलाचा पहिल्या प्रयत्नाचा निकाल समजायला दोन-सव्वादोन वर्षे जातात. "सहा महिन्यांत काय झालं?" असे विचारणे म्हणजे बाळबांधणीच्या वेळी टनेज विचारण्यासारखे आहे.

पूर्वपरीक्षेत एकाच दिवशी दोन-दोन तासांचे दोन पेपर असतात. पहिला सामान्य अध्ययनाचा, १०० प्रश्न, २०० गुण. उत्तर चुकले तर त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून ठोकून देण्यात शहाणपण नाही. दुसरा पेपर आकलन व गणिताचा, त्यात ३३ टक्के मिळविले की पुरे. मुख्य परीक्षेत नऊ पेपर. त्यापैकी एक भारतीय भाषेचा आणि एक इंग्रजीचा. हे दोन नुसते उत्तीर्ण व्हायचे असतात, पण त्यांत कमी पडल्यास बाकीचे पेपर गुणवत्तेसाठी धरत नाहीत. उरलेले सात प्रत्येकी २५० गुणांचे : निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन. ते झाले १७५०. मुलाखतीचे २७५. एकूण २०२५ गुण. वैकल्पिक विषयांत कृषी हा विषय आहे आणि मराठी साहित्यही आहे, हे बी.एस्सी. ॲग्री किंवा बी.ए. झालेल्या मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावे.

आकडा ऐकून घाबरू नये, पण ऐकावा

२०२४ च्या परीक्षेस ९ लाख ९२ हजार ५९९ जणांनी अर्ज केले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेस बसले ५ लाख ८३ हजार २१३. त्यातून मुख्य परीक्षेस पात्र ठरले १४,६२७, म्हणजे चाळिसात एक. मुलाखतीस गेले २,८४५, आणि शेवटी निवड झाली १,००९ जणांची. बसलेल्यांशी ताडून पाहिले तर पावणेसहाशे मुलांमागे एक. पावणेसहाशे टिपऱ्या लावाव्यात आणि एक उगवावी, असा हा मामला आहे.

हा आकडा आम्ही मुलांचे पाय ओढण्यासाठी सांगत नाही. त्याच परीक्षेत कागल तालुक्यातील यमगे गावचे, मेंढपाळ कुटुंबातील बिरदेव डोणे ५५१ व्या क्रमांकाने निवडले गेले. निकाल कळला तेव्हा ते मेंढरांमागे होते, हे सर्वांनी वाचले आहे. अशी माणसे आपल्यातूनच येतात आणि पुढेही येतील. पण फेटा बांधलेला फोटो गावच्या चौकात लागतो, तो एकाचा. उरलेल्या पावणेसहाशे घरांचा फोटो कुठेच लागत नाही. ती घरेही कष्टाळू असतात, ती मुलेही हुशार असतात. नापास होणे हा गुन्हा नव्हे, ते या परीक्षेचे गणित आहे. एवढे जरी घरात पक्के ठसले, तरी निम्मा ताण हलका होईल.

वशिला, मराठी आणि दाखले

वशिल्याबद्दल स्पष्ट सांगतो. मुलाखतीचे गुण एकूण गुणांच्या शंभरात साडेतेरा, बाकी सारे लेखी. मुलाखत घेणाऱ्या मंडळास उमेदवाराचे लेखी गुण सांगितले जात नाहीत. तेव्हा "आमची दिल्लीत ओळख आहे, पाच लाख ठेवा" असे म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला चहासुद्धा पाजू नये. या परीक्षेच्या अर्जाची फी १०० रुपये आहे. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना तीही माफ. 

मराठीबद्दल अर्धवट माहितीने घोटाळा होतो. मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते. २०१३ साली यावर काही बंधने घालण्याचे घाटत होते, तेव्हा आपल्या राज्यातूनही मोठी ओरड झाली आणि ती बंधने मागे घ्यावी लागली. परंतु प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीत छापलेली असते आणि इंग्रजीचा पेपर उत्तीर्ण व्हावाच लागतो. म्हणून मराठीतून देणाऱ्या मुलालाही इंग्रजी वाचून समजणे अत्यावश्यक. ही तयारी पुण्याला गेल्यावर करायची नसून कॉलेजात असतानाच रोज इंग्रजी वर्तमानपत्राचे एक पान वाचून करायची आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

वय खुल्या गटास २१ ते ३२ आणि संधी ६. इतर मागासवर्गास ३५ पर्यंत आणि ९ संधी. अनुसूचित जाती-जमातींस ३७ पर्यंत आणि संधींना मर्यादा नाही. आर्थिक दुर्बल घटकास आरक्षण आहे, पण वयात आणि संधीत सवलत नाही. येथे आपल्या सभासदांची गफलत होते. राज्याने २०२४ साली दिलेले सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाचे आरक्षण केंद्राच्या या परीक्षेस लागू नाही. आर्थिक दुर्बल घटकाच्या केंद्रीय दाखल्यासाठी कुटुंबाचे सर्व मार्गांचे मिळून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. त्यात शेतीचेही उत्पन्न धरतात. शिवाय कुटुंबाची शेतजमीन ५ एकरांच्या आत हवी. दाखला कोणत्या वर्षाचा व कोणत्या तारखेच्या आतला हवा ते जाहिरातीत स्पष्ट दिलेले असते, ते वाचूनच तहसील कार्यालयात जावे. आणि दाखला खराच काढावा. माहिती खोटी दिल्याच्या कारणावरून आयोगाने २०२४ साली निवड झालेल्या एका उमेदवाराची उमेदवारी रद्द केली आणि पुढच्या परीक्षांनाही कायमची बंदी घातली. खोट्या दाखल्याने पोराची जन्माची वाट लागते.

टनांत हिशेब करून पाहा

आता पैशाचे. समजा, शहरात खोली, मेस, अभ्यासिका व पुस्तके मिळून महिना १२ हजार रुपये खर्च आहे. वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. समजा, सगळा खर्च वजा जाता टनामागे तुमच्या हाती दीड हजार राहतात. म्हणजे वर्षाला ९६ टन ऊस नुसता मुलाच्या राहण्या-खाण्याला गेला. एकरी ४० टन धरला तर जवळजवळ अडीच एकरांचे उत्पन्न. क्लासची फी यात धरलेली नाही. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून, मुलाला शेजारी बसवून हा हिशेब करावा. मुलाला खर्च कळला म्हणजे त्याच्यावर दडपण येते असे काहींना वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. न सांगितलेल्या खर्चाचे दडपण जास्त असते, कारण मुलगा तो मनाने मोजतच असतो.

दुसरी अडचण वेळेची. मेसचे पैसे महिन्याच्या एक तारखेला द्यावे लागतात आणि उसाचे बिल हंगामात येते. म्हणून हंगामात पैसे हाती आले की मुलाच्या वर्षाच्या खर्चापैकी निम्मी तरी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी. पीक कर्जाचे पैसे तिकडे वळवू नयेत. त्याने खत मागे पडते, ऊस मार खातो, कर्ज थकते, आणि पुढच्या वर्षी मुलाला पाठवायलाही पैसे उरत नाहीत. जमीन विकून किंवा गहाण टाकून या परीक्षेचा खर्च करू नये, हे आमचे ठाम मत आहे. पावणेसहाशेत एकाच्या आशेवर कायमची जमीन घालवणे हा व्यवहार नव्हे.

क्लास लावावा की नाही? ज्याला गरज आहे त्याने लावावा, पण जाहिरातीला भुलून लावू नये. एकाच यशस्वी उमेदवाराचा फोटो चार क्लासांच्या जाहिरातींत असतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. त्याने कोठे वर्षभर शिकवणी घेतलेली असते आणि कोठे फक्त मुलाखतीची तालीम. अशा फसव्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कित्येक क्लासांना दंड केले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. फी भरण्यापूर्वी दोनच गोष्टी लेखी मागाव्यात : या यशस्वी मुलाने तुमच्याकडे कोणता वर्ग केला, आणि मुलगा मध्येच सोडून आला तर किती पैसे परत मिळतील. दिल्लीला धाडण्यापूर्वी तर जागा स्वतः पाहावी. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगर भागात एका क्लासच्या तळघरातील वाचनालयात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. आपण जनावरालासुद्धा कोंदट गोठ्यात बांधत नाही. लेकरू कुठल्या खोलीत बसते, ते एकदा डोळ्यांनी पाहून यावे.

सरकारी सोयी आहेत त्या आधी पाहाव्यात. मुंबईत राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था १९७६ पासून चालू आहे. कोल्हापूर, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर व अमरावती येथेही शासनाची पूर्व प्रशिक्षण केंद्रे आहेत. तेथे प्रवेश परीक्षा देऊन जागा मिळते. त्याखेरीज मराठा व कुणबी मुलांसाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, अनुसूचित जातींसाठी बार्टी या संस्था प्रशिक्षणाचा खर्च व विद्यावेतन देण्याच्या योजना राबवितात. यांचीही निवड चाळणीतून होते. ही चाळणी परीक्षा म्हणजे मुलाच्या तयारीची पहिली फुकट तपासणी समजावी.

खोडवा किती ठेवायचा?

आता सर्वांत अवघड मुद्दा. पहिल्या प्रयत्नात यश नाही आले, तर पुढे किती वर्षे?

उसाच्या भाषेत बोलू. लागणीनंतर खोडवा ठेवण्यास आमची हरकत नसते. खोडव्याला बेण्याचा व मशागतीचा खर्च वाचतो. तसेच दुसऱ्या प्रयत्नाला पहिला अभ्यास उपयोगी पडतो. पण बुडखे जमिनीलगत छाटले नाहीत, नांग्या भरल्या नाहीत, वेळेवर खत दिले नाही, आणि नुसतेच पाणी सोडत राहिलो, तर खोडवा पोसत नाही. मुलाचेही तसेच. अंतिम निकालानंतर उमेदवाराला आपले गुण पाहता येतात. पूर्वपरीक्षेत गेला की मुख्यमध्ये, इंग्रजीत गेला की वैकल्पिक विषयात, हे कागदावर दिसते. ते न पाहता, काही न बदलता, पुन्हा तीच खोली, तीच पुस्तके आणि तेच वर्ष, याला प्रयत्न म्हणत नाहीत. ते नुसते पाणी सोडणे झाले. आणि सहाही संधी घ्यायलाच हव्यात असा नियम कोणी केलेला नाही.

आमच्या एका गटातील सभासदांची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. तीन एकर ऊस. मुलगा बी.एस्सी. ॲग्री, हुशार, पुण्यास गेला. पहिल्या वर्षी पूर्वपरीक्षा गेली. दुसऱ्या वर्षी पूर्व निघाली, मुख्य गेली. घरात सर्वांची उमेद वाढली. तिसऱ्या वर्षी पुन्हा पूर्वच गेली. चौथ्या वर्षी सोसायटी थकली, मोटर जळाली ती उसनवारीवर भरून आणली, पण मुलाचे पैसे एक महिना चुकविले नाहीत. बापाला 'थांब' म्हणवेना, कारण पोराचे मन मोडेल. पोराला 'थांबतो' म्हणवेना, कारण बापाचे पैसे पाण्यात गेल्यासारखे होईल. दोघे एकमेकांना जपत होते आणि दोघेही बुडत होते. त्या दिवाळीला मुलगा घरी आला नाही. अभ्यास आहे म्हणाला. खरे कारण असे की, पाडव्याला भावकी जमते आणि भावकी विचारते, "काय रे, कुठवर आलं?"

शेवटी त्याची आई एकटी एस.टी.ने पुण्याला गेली. खोलीवर जाऊन म्हणाली, "बाळा, पास हो न्हाईतर नको होऊ, पर जेवायला घरी ये." मुलगा आईबरोबर गावी आला. तिघांनी बसून ठरविले की अजून एकच प्रयत्न, आणि त्याबरोबर दुसऱ्या नोकऱ्यांचेही अर्ज. तो प्रयत्नही गेला. पण पुढच्या वर्षी मुलगा बँकेच्या परीक्षेत निवडला गेला आणि आज शेतकऱ्यांची कर्जप्रकरणे पाहतो. मातीचे कळते, अर्थशास्त्राचे कळते, शेतकऱ्याशी नीट बोलतो. चार वर्षांचा अभ्यास वाया गेला असे त्याच्या शाखेत आलेला कोणीही म्हणणार नाही. त्या घरात चौथ्या वर्षी जे बोलणे झाले ते पहिल्या वर्षी झाले असते, तर एवढी ओढाताण झाली नसती.

म्हणून जोडपीक हवेच. पट्टा पद्धतीत मोकळ्या पट्ट्यात आपण हरभरा, भुईमूग घेतो, त्याने उसाला बाधा येत नाही. राज्य लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तिलाही १७५० गुण लेखी व २७५ मुलाखतीचे. म्हणजे एका अभ्यासात दोन्ही परीक्षा बऱ्याच अंशी बसतात. कृषी पदवीधरांना राज्याची कृषी सेवा आहे, केंद्राची वन सेवा आहे, बँकांची कृषी अधिकारी पदे आहेत. दिल्लीच्या मुलाखतीपर्यंत जाऊन राहिलेल्यांची माहिती त्यांच्या संमतीने इतर नोकरी देणाऱ्यांना पुरविण्याची सोयही संघ लोकसेवा आयोगाने केली आहे.

लेकींचे काय?

२०२४ च्या १,००९ निवडींमध्ये २८४ मुली आहेत. २०२१ च्या परीक्षेत पहिल्या तीन आणि २०२२ च्या परीक्षेत पहिल्या चार मुलीच होत्या. बुद्धीचा प्रश्न तेथेच मिटला. आमच्या पाहण्यात मात्र असे येते की, मुलाला चार प्रयत्न मिळतात आणि मुलीला एक, तोही "स्थळ येईपर्यंत." एका प्रयत्नाला दोन वर्षे लागतात हे वर सांगितलेच आहे. मग सहा महिन्यांनी पाहुणे आणून बसविणे म्हणजे तुरा यायच्या आत कोयता घालणे. मुलाला जितके प्रयत्न, तितकेच मुलीला. एवढा न्याय आपल्या घरात तरी असावा.

आई-वडिलांनी काय विचारावे?

"कधी होणार?" हा प्रश्न बंद करावा. त्याचे उत्तर मुलाजवळही नसते. त्याऐवजी महिन्यातून एकदा तीन प्रश्न विचारावेत. जुन्या वर्षांच्या किती प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडविल्यास? (त्या आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.) या महिन्यात किती उत्तरे लिहून कोणाकडून तपासून घेतलीस? आणि जेवण-झोप ठीक आहे ना? पहिल्या दोन प्रश्नांनी तयारी खरी चालली आहे का ते कळते. २०२३ च्या पूर्वपरीक्षेत खुल्या गटाची गुणांची सीमा २०० पैकी ७५.४१ होती, २०२४ मध्ये ८७.९८. घरी सोडविलेल्या प्रश्नपत्रिकेत मुलगा वर्षभर साठावरच अडत असेल, तर त्यालाही ते दिसते आणि तुम्हालाही. तिसऱ्या प्रश्नाने मूल घराशी बांधलेले राहते. मुलगा फोन घेईनासा झाला, उदास बोलू लागला, तर कामे सोडून जाऊन भेटावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो.

आणि मुलाला पुण्याला किंवा दिल्लीला धाडण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहून घराच्या ट्रंकेत ठेवाव्यात. प्रयत्न किती करायचे. वर्षाला किती पैसे आणि कोठून. बरोबर दुसरी कोणती परीक्षा किंवा काम. आणि चौथी ओळ आई-वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहावी : निकाल काहीही लागला तरी घरी यायचे. पहिल्या तीन ओळी पुढे एकमताने बदलता येतील. चौथी बदलायची नाही.

गट कार्यालयात तोडणी कार्यक्रमाच्या फळ्याशेजारी आयोगाचे वार्षिक वेळापत्रक आणि वर सांगितलेल्या शासकीय संस्थांची नावे लावण्याची व्यवस्था केली आहे. नोंदीला आलात की तीही पाहून जावी.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी